परदेशातल्या कढीपत्त्याचा हिवाळा

टोरांटो, न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी घरात जानेवारीत कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळू लागली की सगळा दोष थंडीवर जातो. मग कुंडी हीटरजवळ सरकते, पाणी वाढतं, वर खतही पडतं. फेब्रुवारीपर्यंत झाड खरोखरच मरतं, आणि ते बहुतेक वेळा या उपायांनीच मरतं. घरात अठरा-वीस अंश तापमान असतं. तेवढ्यावर उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडं तगून राहतात. कमी पडतो तो उजेड.

डिसेंबरात मुंबईचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो. टोरांटोत तो ९ तासांच्या आसपास येतो आणि लंडनमध्ये ८ सुद्धा भरत नाहीत. त्यात सूर्य क्षितिजालगत, वर ढग आणि मध्ये काच. उघड्यावरच्या भर उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून दोन मीटर आत तो काहीशे लक्सवर येतो. आपल्याला खोली उजळच वाटते, कारण डोळ्याची बाहुली मोठी होऊन भरपाई करते. पानाला ती सोय नाही. उजेड कमी झाला की झाड अन्न कमी बनवतं, पाणीही कमी ओढतं. अशा वेळी घातलेलं पाणी मातीत साचून राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजकी मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड माना टाकतं. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. परदेशातली किती झाडं या एका गैरसमजापायी गेली असतील!

म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन इंच मातीत घाला, कुंडी उचलून वजन बघा. हलकी लागली तरच पाणी द्या. खत वसंतापर्यंत बंद ठेवा. झाड पूर्ण बोडकं झालं तरी ते मेलं असं धरू नका. गारव्यात आणि कमी उजेडात कढीपत्ता वाढ थांबवतो, पानं गाळतो. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते झोपलेलं आहे. त्याला तसंच राहू द्या.

उजेडासाठी जांभळे दिवेच लागतात, हीही एक समजूत. साधा पांढरा एलईडी चालतो, फक्त तो छताला नको, शेंड्यापासून हातभर अंतरावर हवा आणि रोज बारा-चौदा तास लागायला हवा. पानांवर पाण्याचा फवारा मारून हवा दमट होते, असंही मानतात. तो ओलावा काही मिनिटांत उडून जातो. हीटरने कोरड्या पडलेल्या हवेत लाल कोळी मात्र झपाट्याने वाढतो, म्हणून पानांची खालची बाजू अधूनमधून धुणं जास्त उपयोगाचं.

थंडीचा खरा धोका वेगळ्या वेळी असतो. बर्फ पडेपर्यंत झाड बाहेर चालतं असं अनेकांना वाटतं. कढीपत्त्याशेजारी ठेवलेल्या तुळशीला मात्र शून्याची वाट पाहावी लागत नाही. पारा दहाच्या खाली काही रात्री राहिला तरी पेशींची आवरणं बिघडतात आणि पानं काळी पडतात. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांवर उतरायला लागलं की झाडं आत घ्यावीत. वसंतात बाहेर नेतानाही आठ-दहा दिवस सावलीत सवय करून द्यावी, नाहीतर कोवळी पानं उन्हाने भाजतात.

तुळस गेली की घरातल्या मोठ्यांना फार लागतं. पण तुळस मुळातच अल्पायुषी आहे. महाराष्ट्रातल्या वृंदावनातही दोन-चार वर्षांनी नवं रोप लावावं लागतं. शरद ऋतूत वाळलेल्या मंजिऱ्या जपून ठेवा आणि एप्रिलमध्ये घरातच बी पेरा.

राहिला सर्वांत महाग पडणारा गैरसमज: गावाहून कढीपत्त्याचं एखादं रोप, निदान चार ताज्या डहाळ्या बॅगेतून आणल्या तर काय बिघडतं? अमेरिकेत हे निषिद्ध आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. कढीपत्ता लिंबू-संत्र्यांच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पानांवर सिट्रस सायला नावाचा बारीक किडा वाढतो, आणि हा किडा संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग रोग पसरवतो. फ्लोरिडात हा किडा १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. त्यानंतर तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. रोप स्थानिक नर्सरीतूनच घ्या. बी घेणार असाल तर तेही जवळच्याच झाडाचं, नुकत्याच पिकलेल्या काळ्या फळातलं घ्या. गर धुऊन लगेच पेरा, कारण वाळलेल्या बियांची उगवण्याची ताकद काही आठवड्यांतच जाते. राज्याबाहेर रोप पाठवण्याआधी तिथले क्वारंटाइनचे नियम बघा.