शेतावरील पाहुण्यास काय दाखवावें?

राज्य शासनानें इ. स. २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. तेव्हांपासून शेतावर पाहुणे उतरविण्याचा जोडधंदा करूं इच्छिणारे बंधु प्रथम खोल्यांच्या खर्चाचा विचार करितात. आमच्या मतें पाहुणा दोन दिवस करील काय, हा पहिला प्रश्न होय.

नागपुराहून सुमारें ५० किलोमीटरवरील रामटेकाचें उदाहरण घ्यावें. पहाटे गड चढावा. तेथें राममंदिराखेरीज पांचव्या शतकांतील वाकाटककालीन केवल-नरसिंहाचें देऊळ आहे. पायथ्याशीं अंबाळा तलाव आहे. जवळच ब्रिटिश अमदानींत ओलितासाठीं बांधलेला खिंडसी तलाव असून तेथें नौकाविहार होतो. दुपारीं नगरधनचा किल्ला व मनसर येथील उत्खनन पाहावें. त्रिपुरी पौर्णिमेस रामटेकास मोठी यात्रा भरते.

परंतु हीं स्थळें सर्वांच्याच वांट्याचीं आहेत. आपल्या घरीं पाहुणा येतो तो आपल्या शेतासाठीं. पानमळ्यांत वेल कसा चढवितात हें त्यास दाखवावें. धानाच्या कापणीस त्याच्या हातीं विळा द्यावा. पाऊस रुसला तर पाहुण्याचे चार पैसे घरास आधार देतील. मात्र त्याच्यासाठीं धानाची बांधी मोडून हिरवळ लावणाऱ्याच्या हातीं धानहि राहणार नाहीं व पाहुणाहि राहणार नाहीं.