रोजच्या कामाला कोणता शेल?

पवईच्या आयआयटी मुंबईतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्सचे धडे मराठीतूनही देतो. बॅश या शेलची तिथे वेगळी मालिकाच आहे. अंधेरी-मुलुंडच्या कॉलेजांतल्या मुलांनी सुरुवात तिथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

शेल म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेणारा प्रोग्राम. ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९चा. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तो असतोच. झेडशेल १९९०चा, २०१९पासून मॅकवर नव्या खात्याला तोच मिळतो.

२००५चा फिश मात्र हाताला लगेच आवडतो. दोन-चार अक्षरं टाइप केली की पूर्वी दिलेली आख्खी आज्ञा फिकट रंगात पुढे उमटते. उजवा बाण दाबला की झालं काम. बॅशमध्येही कंट्रोल आणि आर एकत्र दाबून जुनी आज्ञा शोधता येते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. फिशची गोची एकच: त्याचं व्याकरण वेगळं. साधं व्हेरिएबल ठेवायलाही ‘सेट’ लिहावं लागतं, त्यामुळे बॅशची स्क्रिप्ट तिथे अडखळते.

माझं मत विचाराल तर टायपिंगला फिश खुशाल वापरा. स्क्रिप्ट मात्र बॅशमध्ये लिहा आणि पहिल्याच ओळीत बॅशचा पत्ता द्या. मग ती फिशमधून थेट चालवली तरी वाचणार बॅशच.