जिभेखाली विरघळणारी गोळी

अफूच्या झाडात थेबेन नावाचं एक अल्कलॉइड असतं. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात, रेकिट अँड कोलमन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून एक वेदनाशामक घडवलं: ब्युप्रेनॉर्फिन. अफूच्याच कुळातलं हे औषध पुढे हेरॉइनचा विळखा सोडवू लागलं.

मेंदूतल्या ‘म्यू’ रिसेप्टरवर हेरॉइनचा किंवा फेंटानिलचा अंमल बसला की नशा चढते आणि श्वास मंदावतो. ब्युप्रेनॉर्फिन नेमकं तिथेच जाऊन बसतं, गच्च भरलेल्या एसटीत खिडकीची जागा पटकावलेल्या प्रवाशासारखं! हेरॉइनला मग तिथे सहजी शिरकाव मिळत नाही. पण रिसेप्टरला ते अर्धवटच चेतवतं. त्यामुळे तलफ शमते आणि डोस वाढला तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपाशी थांबतो. (सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर मात्र धोका आहेच.) इतकी घट्ट पकड आणि इतका संयम एकाच रेणूत असावा, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

तरीही अमेरिकेतले अनेक डॉक्टर ते लिहून द्यायला कचरतात. का? एक भीती अगदी खरी आहे. शरीरात हेरॉइन असतानाच गोळी दिली, तर ती हेरॉइनला एकदम हुसकावते आणि रुग्ण थोड्याच वेळात तळमळू लागतो. म्हणून वेळ साधावी लागते. जांभया, गळणारं नाक, ठणकणारे सांधे, विस्फारलेल्या बाहुल्या, अंगावरचा काटा अशी अकरा लक्षणं तपासून डॉक्टर गुण देतात. गुण पुरेसे झाले की गोळी जिभेखाली. बहुतेकदा तासाभरात काटा ओसरतो, हात स्थिरावतात आणि माणूस नीट बोलू लागतो. फेंटानिल चरबीत साठून राहत असल्याने हल्ली ही वेळ साधणं अवघड झालंय, हेही खरं.

दुसरी अडचण कायद्याने उभी केली. २००० च्या कायद्यानुसार हे औषध लिहायला आठ तासांचं प्रशिक्षण आणि वेगळा परवाना लागे. सुरुवातीला एका वेळी ३० रुग्णांची मर्यादा होती. ऑक्सिकोडोनसारखी व्यसन लावणारी गोळी लिहायला मात्र असा परवाना लागत नव्हता! हा उफराटा न्याय मला आजही बोचतो. फ्रान्सने १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहू दिलं होतं. १९९९ पर्यंत तिथले अतिसेवनाचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले.

२०२२ च्या अखेरीस अमेरिकेने परवान्याची अट काढली. औषध लिहून देणारे डॉक्टर वाढले, पण ते घेणारे रुग्ण फारसे वाढले नाहीत. ‘असले पेशंट आपल्याकडे नकोत’ ही अढी, औषधच न ठेवणारी दुकानं, ‘पुढे याला सांभाळणार कोण’ हा प्रश्न, सगळं तसंच राहिलं.

या शेवटच्या प्रश्नावर येल विद्यापीठाच्या गेल डी’ओनोफ्रिओ यांनी आधीच काम केलं होतं. त्यांच्या २०१५ च्या अभ्यासात इमर्जन्सी विभागातच औषध सुरू करून पुढची भेट ठरवून दिलेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण तीस दिवसांनंतरही उपचारांत होते. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्के. कॅलिफोर्नियातल्या अनेक रुग्णालयांत आता रुग्णाची पुढची भेट ठरवायला, औषध मिळवून द्यायला वेगळा माणूस नेमलेला असतो. आणि डोसबद्दल शंका आलीच, तर डॉक्टरांना सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या तज्ज्ञांना फोन लावता येतो.