हार्टचं ऑपरेशन, म्हणजे नेमकं कशाचं?

‘छाती उघडली का हो?’ हृदयाचा पेशंट घरी आला की शेजारपाजारचे हे हमखास विचारतात. ‘नाही, नुसती अँजिओप्लास्टी’ असं कळलं की सगळे निर्धास्त होतात आणि ‘बायपास’ म्हटलं की आवाज खाली येतो. आजार किती मोठा, हे आपण टाक्यांवरून ठरवतो. हृदयाच्या बाबतीत हा हिशेब बरेचदा चुकतो.

अँजिओप्लास्टी ही खरं तर शस्त्रक्रियाच नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, फुगा फुगवून अरुंद झालेली जागा मोकळी करायची आणि ती पुन्हा आवळू नये म्हणून तिथे जाळीदार स्टेंट बसवायचा. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला हृदयाच्या रक्तवाहिनीत फुग्याचा हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा पेशंट जागा होता. स्टेंट नंतर आले. ऐन हार्ट अटॅकमध्ये या उपायाला तोड नाही. पण स्टेंट सांभाळतो ती तेवढीच जागा. बाकीची रक्तवाहिनी जशी रोगट होती तशीच राहते.

बायपासमध्ये ब्लॉकेज काढून टाकतात, असा अनेकांचा समज असतो. ते काढत नाहीत. ते जिथल्या तिथे ठेवून त्याच्या पुढे रक्त पोहोचवणारी दुसरी वाट जोडतात. त्यासाठी पायातली शीर वापरतात, शिवाय छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी एक रोहिणी. तिचं वरचं टोक मुळाशी तसंच ठेवायचं आणि खालचं टोक ब्लॉकेजच्या पुढे शिवायचं. ही रोहिणी मोठी चिवट. दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांत ती वाहती असते. पायाच्या शिरेला तेवढं आयुष्य नाही. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या त्याच्या पृष्ठभागावरून जातात, त्यामुळे बायपाससाठी छाती उघडावी लागते, हृदय नाही. आपल्याकडे अनेक सर्जन तर हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावरच हे टाके घालतात.

मग स्टेंट की बायपास? पेशंटला मधुमेह असेल आणि दोन-तीन रक्तवाहिन्या खराब असतील, तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या अभ्यासाचे आकडे बघण्यासारखे आहेत. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी सुमारे १६ टक्के दगावले, बायपासवाल्यांपैकी ११ टक्के. पक्षाघाताचा धोका मात्र बायपासमध्ये जास्त दिसला. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात ‘काहीही करा, पण कापू नका’ हा नातेवाइकांचा हट्ट पेशंटच्या मुळावर येऊ शकतो, असं मला वाटतं.

हृदय खरोखर उघडायचं तर रक्त फिरवण्याचं आणि शुद्ध करण्याचं काम तेवढा वेळ बाहेरच्या यंत्राकडे द्यावं लागतं. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक या यंत्राच्या आधाराने बंद केलं. आज तशी बरीच भोकं नळीतून नेलेल्या छोट्या डिव्हाइसने बुजवतात. काही तर मूल वाढता वाढता आपोआप बंद होतात.

झडपांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या संधिवाताच्या तापाची आपल्याकडे कोणी फारशी दखल घेत नाही, आणि कित्येक वर्षांनी डावीकडची मायट्रल झडप आखडलेली निघते. पुष्कळदा ते कळतं बाईला दिवस गेल्यावर, जिना चढताना धाप लागायला लागली की. झडप फार चुन्यासारखी कडक झाली नसेल, तर ती फुग्याने उघडता येते. नाहीतर दुरुस्ती, आणि तीही जमण्यासारखी नसेल तर बदल.

बदलायची म्हटली की धातूची की प्राण्याच्या ऊतींची, हा पेच येतो. धातूची झडप कित्येक दशकं टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली, १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेली स्वस्त ‘चित्रा’ झडप याच प्रकारची. पण तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघणारी आयएनआरची तपासणी सतत करत राहावी लागते. दात काढायचा तरी आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. ऊतींच्या झडपेला सहसा ही गोळी जन्मभर लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुण शरीरात त्याहून लवकर. म्हाताऱ्या माणसाची महाधमनीची झडप आता जांघेतून नळी घालूनही बदलता येते. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँला ती वाट दाखवली. खर्च मात्र अजून भल्याभल्यांना झेपत नाही.

खरी कोंडी होते पंचविशीतल्या बाईची. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते. गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी धरायची भीती. ऊतींची बसवली तर चाळिशीच्या आत पुन्हा ऑपरेशन ठरलेलंच. म्हणून जाणता सर्जन कोणती झडप हे सुचवण्याआधी नवरा-बायको दोघांना समोर बसवून विचारतो, मूल कधी हवंय, आणि तुमच्या गावापासून आयएनआर तपासणारी लॅब किती लांब आहे?