दहापट किमतीचे सँडिंग मशीन: पैसे नेमके कशाचे?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सँडिंग मशीन मागितले, तर दुकानदार बहुधा चार-पाच हजारांचे मशीन काउंटरवर ठेवतो. त्याच कामासाठी जर्मनीच्या फेस्टूल किंवा फिनलंडच्या मिर्का कंपनीचे मशीनही बाजारात आहे, पण त्याची किंमत जवळपास दहापट. दोन्हींची चकती सारखीच गरगरते, दोन्हींना पॉलिश पेपर लागतो आणि टेबलाची फळी दोन्हींनी गुळगुळीत होते. मग वरचे चाळीस-पन्नास हजार कशाचे? सुतार म्हणतो, फिनिशिंगचे आणि टिकाऊपणाचे. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर त्यातला मोठा हिस्सा धूळ आणि कंप यांवर खर्च झालेला असतो, आणि घ्यायचे की नाही याचा हिशेबही तिथूनच सुरू व्हायला हवा.

आधी धूळ. करवतीचा भुसा जाड असतो आणि पायाशी पडतो. सँडिंगची भुकटी हवेत तरंगत राहते, आणि पेपर जितका बारीक तितकी तीही बारीक. मोठे कण नाकात अडकतात. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. डोळ्यांना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात कमी त्रासाची.

इंग्लंडमधले हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचे गाव. तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एक दुर्मिळ कर्करोग वारंवार दिसतो, हे १९६०च्या दशकात एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घसा सर्जनच्या लक्षात आले. १९६८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखा असा नाही. पुरावा तितका पक्का आहे, एवढाच. हा कर्करोग आजही दुर्मिळच आहे आणि तो उमटायला काही दशके जातात. दमा, सतत वाहणारे नाक आणि त्वचेची खाज यांना मात्र इतका वेळ लागत नाही. साग आणि शिसम यांच्या धुळीने कातडीवर चट्टे उठलेले सुतार त्वचारोग विभागाला नवे नाहीत. एमडीएफच्या भुकटीत लाकडाबरोबर ते चिकटवणारे रेझिनही येते.

महागड्या मशीनच्या चकतीला भरपूर भोके असतात. जाळीदार पेपर लावला की धूळ तयार होते तिथूनच ओढली जाते. पण ओढणार कोण? व्हॅक्यूम. तो जोडलाच नाही, तर पन्नास हजारांचे मशीनही फुप्फुसांच्या दृष्टीने पाच हजारांच्या मशीनच्या जवळ येऊन बसते. सोबत मिळणारी कापडी पिशवी जाड भुकटी धरते आणि बारीक धूळ विणीतून बाहेर सोडते. घरातला साधा व्हॅक्यूम तेच करतो, फक्त जास्त जोराने. लाकडाच्या धुळीसाठी युरोपात ‘एम’ दर्जाचा व्हॅक्यूम वापरतात, तो ९९.९ टक्के धूळ अडवतो. तो परवडत नसेल तर निदान हेपा फिल्टर बसणारा वर्कशॉप व्हॅक्यूम घ्यावा. साधे मशीन, चांगला व्हॅक्यूम आणि जाळीदार पेपर ही जोडी महाग मशीन अधिक कापडी पिशवी या जोडीपेक्षा केव्हाही बरी. पहिला पैसा व्हॅक्यूमवर घालावा. त्याच्या जोडीला एन-९५ मास्क हवा, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. नाकावर बांधलेला रुमाल केवळ मनाच्या समाधानासाठी.

कंपाचे गणित वेगळे आहे, आणि महागड्या मशीनची खरी बाजू इथे लक्षात येते. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या खाणीत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणारे कामगार तपासले. थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक पडत. आपल्याकडच्या उष्ण हवेत हा पांढरेपणा कमी दिसतो. मुंग्या, बधिरपणा आणि शर्टाचे बटण लावताना होणारी अडचण आधी जाणवते. लहान रक्तवाहिन्या आणि नसा एकदा बिघडल्या की पूर्ववत होतीलच असे नाही.

युरोपीय नियमानुसार आठ तासांच्या कामात हाताला बसणारा कंप सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे गेला की मालकाने उपाय करायलाच हवेत. हा आकडा मशीनच्या माहितीपत्रकात असतो, फक्त तो कोणी वाचत नाही. कंप दुप्पट झाला की सुरक्षित वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. समजा एका मशीनचा कंप ७.५ आहे आणि दुसऱ्याचा ३.५. पहिल्यावर ही मर्यादा तासाभराच्या आत गाठली जाते, दुसऱ्यावर सुमारे चार तासांनी. प्रत्यक्ष कामावरचा कंप माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा जास्तही असू शकतो, तेव्हा हे तास काटेकोर समजू नयेत.

म्हणजे प्रश्न किमतीचा कमी आणि तासांचा जास्त. वर्षातून एकदा दरवाजा घासून पॉलिश करणाऱ्या हौशी माणसाने पन्नास हजार घालवू नयेत. मास्क लावून गॅलरीत बसावे, झाले. रोज तीन-चार तास सँडिंग करणाऱ्याला मात्र कमी कंपाचे मशीन ही चैन नव्हे. दोन्हींच्या मधला सुतार झिजलेला पॅड वेळेवर बदलूनही बरेच मिळवतो, कारण तोल गेलेली चकती जास्त हादरते. बोथट पेपर पुरवून पुरवून वापरणे ही तर खोटी काटकसर आहे. पेपर कापत नाही म्हणून माणूस मशीन दाबतो, मूठ आवळतो आणि कंप सगळा मनगटात उतरतो.

पैसे देणारा आणि मशीन धरणारा माणूस बहुतेक वेळा वेगळा असतो, ही यातली अडचण आहे. ठेकेदार मशीन विकत घेतो आणि सँडिंग सगळ्यात नवख्या हेल्परकडे जाते. काम राहत्या घरात चालले असेल तर तीच धूळ घरातल्या दमेकरी मुलापर्यंतही पोहोचते. अंदाजपत्रकात लॅमिनेटच्या दरावर घासाघीस करणाऱ्या घरमालकाने, सँडिंगला व्हॅक्यूम जोडणार का, हेही विचारावे आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत.

सुट्टीवर गावी गेल्यावर थांबणारा आणि कामावर परतताच सुरू होणारा खोकला, रात्री झोपेतून उठवणाऱ्या हाताच्या मुंग्या, नाकाची एकच बाजू कित्येक आठवडे बंद राहणे किंवा तिथून रक्त येणे, यांपैकी काही असेल तर तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात केसपेपरवर तंबाखूची नोंद आठवणीने होते, व्यवसायापुढे मात्र ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून विचारण्याची वाट न पाहता सांगावे: सँडिंग करतो, दिवसाला इतके तास, इतकी वर्षे.