कृष्णाकाठची वाई

सुरूर फाट्यावरून वळणाऱ्या बहुतेक गाड्यांना पाचगणी-महाबळेश्वर गाठायचं असतं. वाटेत वाई लागते, चहा होतो आणि पसरणीचा घाट सुरू होतो. या घाटातच एखाद्या वळणावर थांबून मागे पाहावं. धोम धरणाचं पाणी, पांडवगडाचा माथा, ऊस-हळदीची शेतं आणि त्यांतून वळत गेलेली कृष्णा एका नजरेत दिसते. खाली परतून दोन दिवस राहावं, अशी ही वाई आहे.

जुनी वाई नदीकडे तोंड करून वसली आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा तिच्या सात आळ्या आणि आळीगणिक घाट. देवळं आणि घाट उभारण्यात रास्ते घराण्याचा वाटा मोठा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ थेट पुराच्या वाटेवर उभं आहे. म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्यांना नदी किती नीट ठाऊक होती, ते ही भिंत सांगते. दर्शन घेऊन लगेच परतू नये, मागे जाऊन ती पाहावी.

हिवाळा सरताना कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. तो एकदम साऱ्या गावाचा नसतो. आळीआळीने पाळी येते आणि नदीची देवी म्हणून कृष्णाबाईची मूर्ती त्या त्या घाटावर विराजते. पूजा, कीर्तन, महाप्रसाद सगळं आळीकर करतात. वाईची सुभेदारी अफजलखानाकडे होती. तो शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं इथले लोक सांगतात. ज्या नदीला आई म्हणून मखरात बसवायचं, तिच्यात गावाचं सांडपाणी जावं, हे मात्र पाहवत नाही. घाटांची डागडुजी हवीच, पण आधी पाणी स्वच्छ हवं.

तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रं आणि मागचा चंद्रकोरीसारखा घाट पाहण्याजोगा. 'स्वदेस' चित्रपटामुळे हा घाट घरोघरी पोचला. इथल्या देवळाजवळची मोठी घंटा वसईची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. याच वाड्यात नानांचे कागद सापडले. इतिहासाचे अभ्यासक त्यांना 'मेणवली दप्तर' म्हणतात.

माझ्या लेखी वाईचं सर्वांत मोठं वैभव मात्र तिच्या विद्येत आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी इथे प्राज्ञपाठशाळा चालवली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा १९१७ मध्ये त्यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही याच पाठशाळेत घडले. घाटावरच्या या शास्त्र्यांनी जुने ग्रंथ सुधारणेच्या बाजूने उभे केले. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचं पौरोहित्य तर्कतीर्थांनी केलं. त्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार मिळाला. धर्मकोशाचं काम याच गावचं. पुढे मराठी विश्वकोशाचं संपादनही तर्कतीर्थांनी इथेच मांडलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि एकूण वीस खंड झाले. आपल्या भाषेचा एवढा मोठा ज्ञानकोश मुंबई-पुण्याला नव्हे, या तालुक्याच्या गावी तयार झाला, ही गोष्ट मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी. सहली पाचगणीला जातातच. त्यातला एक दुपारचा वेळ गंगापुरीतल्या विश्वकोशाच्या कार्यालयासाठी काढणं अवघड नाही.