एका तारेची शोधकथा

मैत्रिणींनो, कुकरची रिंग मिळाली नाही म्हणून सुस्थितीतला कुकर भंगारात द्यायची वेळ तुमच्यावर आली आहे का? किंवा मिक्सरच्या भांड्याखालचा तो छोटा रबरी तुकडा? ‘ते मॉडेल बंद झालं ताई, नवीनच घ्या,’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मागच्या हिवाळ्यात तेच वाक्य मी सायकलच्या चाकासाठी ऐकलं. तेव्हापासून या ‘बंद झालं’ प्रकरणाबद्दल मला थोडं जास्तच कळायला लागलं आहे.

आमच्या नागपुरात सायकलचं वेड काही नवं नाही. पण २०१७ मध्ये इथल्याच डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली आणि अनेक तरुण मुलामुलींच्या डोळ्यांत स्वप्न उतरलं. त्यातलीच एक आमची लेक. नोकरी लागल्यावर दोन वर्षं पैसे साठवून तिने एक जुनी पण भारी, परदेशी बनावटीची सायकल घेतली. ‘एवढ्या पैशात स्कूटी आली असती,’ असं आमचे हे महिनाभर म्हणत होते. ती मात्र पहाटे पाचला अंबाझरीकडे निघालेली असायची. दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ करायची होती तिला. ही शर्यत नसते. साडेतेरा तासांत अंतर पूर्ण करायचं, बस्स.

ब्रेव्हेच्या आधी तीन आठवडे हिंगणा रोडवर खड्ड्यात आपटून मागच्या चाकाची एक तार तुटली. एकच! पण चाक असं वाकडं झालं, की जागचं हलेना. सायकल खांद्यावर घेऊन ती रडवेली होऊन घरी आली. आमचे हे काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर ‘मी म्हटलं होतं ना’ स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हाच मी ठरवलं, ही तार मी शोधणार.

बर्डी पालथी घातली, इतवारी झाली. सगळीकडे एकच उत्तर. ज्या कंपनीचं चाक होतं तिने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. कंपनीला पत्र लिहिलं, तर नवी जोडी घेण्याचा सल्ला आला. किंमत पन्नास हजारांच्या पुढे! शेवटी महालात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे चाक नेलं. त्यांनी ते हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, दिसाले लय सुंदर हाय, पण याले आपली तार चालत नाही जी.”

का चालत नाही, तेही त्यांनीच समजावलं. आपल्या काळ्या साध्या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस तारा असतात. एक तुटली तर बाकीच्या एकोणचाळीस भार वाटून घेतात, अगदी एकत्र कुटुंबासारख्या. शर्यतीच्या चाकाला वजन कमी करायला वीसच तारा. एक गेली की चाक लगेच आऊट. शिवाय साध्या तारेला टोकाशी वाक असतो आणि ती कुठल्याही मेकची बसते. ही तार सरळ, चपटी, अॅल्युमिनियमची. तिचं डोकं वेगळं, आटे वेगळे. त्या एकाच चाकासाठी घडवलेली. म्हणजे कंपनीने पाठ फिरवली की पोरकीच.

यावरून एक गोष्ट आठवली. ३ जून २०२०, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलस कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं, तेव्हा किती हळहळ वाटली होती! माझी कॉलेजची सायकल अॅटलसचीच. पण त्या सायकलला आजही तार, छर्रे, पेडल, सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, कारण मापं सगळ्यांची सारखी आणि लुधियानात ते भाग बनतच असतात. त्याच वर्षी फ्रान्सची १८८९ पासूनची, चाकांसाठी जगप्रसिद्ध असलेली मॅविक कंपनीही कोर्टाच्या देखरेखीखाली गेली होती. पुढे तिला नवा मालक मिळाला. आमचं चाक त्यांचं नव्हतं, पण वाटलं, एवढ्या मोठ्या कंपनीवर अशी पाळी येते, तर आपण भरवसा ठेवायचा तो नावावर की मापावर?

असो. लेकीच्या ओळखीतून पुण्याच्या एका सायकलस्वाराचा पत्ता लागला. त्यांच्याकडे अगदी तसंच चाक, रिम तडकलेलं, माळ्यावर पडलेलं. बिचाऱ्यांनी दोन तारा काढून कुरिअर केल्या. आम्ही पेढे आणायच्याच बेतात होतो. मिस्त्रींनी तार लावून पाहिली आणि मान हलवली. मागच्या चाकाची गिअरकडची तार आखूड असते, डावीकडची लांब. आमची तुटलेली गिअरकडची आणि आलेल्या दोन्ही डावीकडच्या! दोन-तीन मिलीमीटरचा फरक, पण तोच नडला. यात ब्रेव्हेची तारीख निघून गेली. त्या दिवशी लेक खोलीतून बाहेर आली नाही.

चूक आमचीच होती. तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे जोडून मोजले असते आणि बाजू सांगितली असती, तर वेळ वाचला असता. पुन्हा फोन केला. त्या भल्या माणसाने गिअरकडच्या दहाच्या दहा तारा पाठवल्या आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. चपटी तार आवळताना पिळली जाते. मिस्त्रींनी बांबूच्या कामटीला चीर पाडून त्यात तार धरली, जुन्या पान्याचं तोंड कानशीने घासून घेतलं आणि तासाभरात चाकाचा आऊट काढला. मजुरी चारशे रुपये. लाखमोलाच्या चाकाला जीवदान दिलं ते बांबूच्या एका कामटीने!

जानेवारीतल्या पुढच्या ब्रेव्हेत लेक बारा तास वीस मिनिटांत परतली. पहाटेपासून जागे असलेले आमचे हे रस्त्यावर थर्मास घेऊन उभे होते.

मी गावांमध्ये मुलींसोबत काम करते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. पण कितीतरी सायकली एका पेडलवाचून, एका ट्यूबवाचून गोठ्यात पडलेल्या दिसतात, आणि सायकल बसली की कधी कधी शाळाही सुटते. तिथे तर भाग सहज मिळतो, फक्त शोधणारं कुणी नसतं. म्हणून त्याच मिस्त्रींना आता महिन्यातून एका रविवारी गावात नेते. पंक्चर काढणं, तार बदलणं मुलीच शिकतात.

आपल्या सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. घरगुती उपकरणं, मोबाइल, वाहनं, शेतीची अवजारं हे विषय त्यात आहेत. पण कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दुकानातच एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या, ‘याचे सुटे भाग मिळतात का, आणि कुठे?’ तुटलेला तुकडा फेकू नका, तोच नव्या भागाचं माप असतो. आणि ज्याचा भाग मिळायला अवघड, त्याचा एखादा जास्तीचा घेऊन ठेवा.

आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात आता कुकरच्या रिंगेशेजारी अकरा चपट्या तारा जपून ठेवल्या आहेत. आमचे हेच अधूनमधून त्या मोजून बघतात.